फळीवरची पुडी

मंगळवार, संध्याकाळ. दिवाळी होऊन आठ दिवस.

आज जळगाव जामोदला जाऊन नवा फोन घेतला. जुन्याची बॅटरी दुपारीच संपायची, वावरात असताना. दुकानदार सलीमभाईंना दोन तास पिडलं. रॅम किती, बॅटरी किती एमएएच, कॅमेरा उन्हात कसा? तीन खोकी उघडायला लावली, बारीक अक्षरांसकट वाचली. शेवटी ते हसले, "भाऊ, पोरगी देतानाबी कोनी इतकं नाई इचारत."

येताना बायकोला, संगीताला, घ्यायला वावरात थांबलो. पहिलाच फोटो कपाशीच्या किडक्या बोंडाचा. आतली गुलाबी अळी स्वच्छ दिसली. कृषी सहायकांना पाठवला, तर त्यांचा लगेच फोन.

"बियाण्याच्या थैलीतली बिगर-बीटीची पुडी धुऱ्याकडून, कडेच्या ओळींत लावली होती ना?"

मी म्हणालो, "हाव साहेब."

बायको बाजूलाच उभी. घरी आल्यावर तिनं फळीवरून ती पुडी काढली, न फोडलेली, पेरणीपासून तशीच, आणि फोनच्या खोक्यावर ठेवली. "आता हेबी वाचा."

सगळेच फेकतात, मी निदान ठेवली तरी... हे कोणाला सांगतोय मी?

वाचली. कपाशीच्या चारही बाजूंनी लावा, असं मराठीत छापलंय. अळीला साधी कपाशी खायला ठेवली नाही तर तिला अळी मारणाऱ्या बीटीची सवय होते, मग ती मरत नाही. वाचायला एक मिनिट लागलं.

साहेबांना फोन करून खरं सांगायला हवं. तिसऱ्यांदा पाहिलं, बॅटरी नव्वद टक्के आहे. जुना फोन असता तर संपली म्हणालो असतो.