वकिलीणबाईंची देवी

मावशी, तू जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली. आता तू उलट बोलणार नाहीस, म्हणून मला तुझ्याशी बोलायचं धाडस होतंय. तशी तू तेव्हाही बोलत नव्हतीस म्हणा. सावत्र आईला मावशी म्हणायचं, हे आत्यानं मला तू यायच्या आदल्या दिवशी शिकवलं होतं. त्याच बैठकीत तिनं “लय जवळ जाऊ नको तिच्या” हेही शिकवलं. मी हुशार मुलगी. दोन्ही धडे पाठ केले.

तू पाटानं आलीस. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे ना वाजंत्री, ना मांडव. घरात पाहुणी आल्यासारखी आलीस, फक्त परत जायची नव्हतीस. बोटाला धरून छोटी. तुझी सहा वर्षांची पोर. ती तुझ्याजवळच राहील, एवढी एकच अट तू घातली होतीस आणि आबांनी ती मान्य केली होती. आबांचं म्हणणं एवढंच, की आमच्या घरातल्या वस्तूंना तिनं हात लावायचा नाही. सहा वर्षांच्या पोरीनं घरात राहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, असली अट फक्त पुरुषच घालू जाणे. तू “बरं” म्हणालीस.

नाशिकात गंगापूर रोडला तेव्हा सगळे मळेच होते. आपला फुलांचा मळा त्यातलाच एक, आणि धंदा फुलपुड्यांचा. रोज पहाटे पळसाच्या पानात झेंडू, तगर, तुळस, चार दूर्वा घालायच्या, केळीच्या सोपटानं पुडी बांधायची आणि उजाडता उजाडता गावातल्या घराघरांत देवासाठी टाकायची. आबा निम्म्या पुड्या टाकायचे, निम्म्या मी. तू आलीस आणि आठ दिवसांत माझ्याहून सुबक पुडी बांधायला लागलीस. हेही मला आवडलं नाही.

पण खरं दुखणं टाकाचं होतं. आपल्यात रीत अशी, की मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात बाळगायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. नवं लुगडं नेसायच्या आधी तिला दाखवायचं, गोडाचा घास आधी तिला लावायचा. सवतीला उरावर घेऊन संसार करायचा. बायकांसाठी ज्या सोयी शोधून ठेवल्यात, त्यांत हिचा नंबर फार वर लागेल. सोनारानं एकाच ठशातून शंभर बायका काढल्या असतील, हे मला आज कळतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आईला जाऊन वर्ष झालं होतं, तिचा दुसरा काही आकार घरात उरला नव्हता. ती टाकावरची बाई माझी आई होती आणि ती तुझ्या गळ्यात होती.

तेही मी सोसलं असतं. पण दुपारी छोटी तुझ्या मांडीवर पडायची आणि तो टाक तोंडात घालून चोखायची. तू काढून घ्यायचीस, ती पुन्हा घालायची. एका कोपऱ्यावर तिच्या दाताची खूण उठली होती. मला वाटायचं, हिला स्वतःची आई आहे, जिवंत, बोलणारी. वर ही माझीही चघळते. तू तव्यावरची पहिली भाकरी मला वाढायचीस, दुसरी छोटीला. माझी मी आत्याच्या देखत “करपली” म्हणून सरकवून द्यायचे. भाकरी करपलेली नसायची. तू ती उचलून स्वतःच्या ताटात घ्यायचीस आणि मला दुसरी टाकायचीस.

त्या दिवशी पहाटे तू डोक्यावरून न्हायला बसलीस. टाक खुंटीला अडकवलेला. मी तो काढला. मनात काय होतं, तर काही नाही. एक दिवस माझ्याजवळ ठेवायचा होता. तेवढ्यात आत्याची पावलं वाजली. हातात पान होतं, समोर फुलं होती. मी टाक पानात ठेवला, वर तगर टाकली आणि पुडी बांधून पाटीत सारली. रस्त्यात काढून घेईन म्हटलं. आणि त्याच दिवशी आबा मला म्हणाले, “तुझं नाक वाहतंय, तू घरी थांब.” पाटी डोक्यावर घेऊन ते गेले. बाप म्हणून त्यांनी माझी घेतलेली एवढी काळजी मला दुसरी आठवत नाही.

दुपारपर्यंत सगळं घर उपसून झालं. आत्या ओसरीवर बसून म्हणाली, “हुडकताय कशाला? ती बया रागावली. दुसऱ्याचं लेकरू घरात घेतल्यावर थांबंल व्हय ती?” छोटी भिंतीला टेकून उभी, कोण रागावलं ते तिला कळत नव्हतं. तू मला न्हाणीमागं नेलंस. केस अजून ओलेच होते तुझे. म्हणालीस, “बाय, तुला काय ठावं आसंल तर सांग. मी कुनाला बोलनार नाय.”

मी म्हणाले, “छोटी तो तोंडात घालून चोखत असते.”

यातला शब्दही खोटा नव्हता. मावशी, आज मी वर्तमानपत्रात लिहिते, लोक म्हणतात बाईची जीभ फार तिखट. एकही शब्द खोटा न लिहिता माणूस कसा आडवा करायचा, हे कुठं शिकलात म्हणून मला विचारतात. मी हसून विषय बदलते.

तू मला दिलेला शब्द पाळलास, कुणाला बोलली नाहीस. पण आत्या न्हाणीच्या दाराशीच उभी होती. संध्याकाळी घरात एकमत झालं की छोटीनं टाक चोखत चोखत विहिरीत टाकला. चौथ्या दिवशी तिचा काका नांदगावहून तिला न्यायला आला. टांग्यात बसताना ती रडली नाही. तिला आगगाडीचं कौतुक होतं. तू टांग्यामागं वळणापर्यंत गेलीस आणि परत येऊन पुड्यांची पानं पुसायला बसलीस.

महिन्याभरात गावात बोलवा उठली की माझ्या फेरीतल्या वकिलीणबाईंच्या देवघरात देवी प्रकटली. बाईंना म्हणे आधी दृष्टान्त झाला होता. माळ्याच्या पुडीतून देवी यावी हे काही बरं दिसत नाही, तेव्हा पुडी त्यांनी गोष्टीतून वगळली असावी. आबा मोठ्या भक्तीनं म्हणाले, “त्येंच्याकडं उद्यापासून जास्वंद पन टाक.” मी टाकली. दारातून देवघर दिसायचं. शेंदूर फासला होता, तरी कोपऱ्यावरची दाताची खूण मी ओळखली. माझी आई चौरंगावर बसली होती आणि वकिलीणबाई तिला दुधानं न्हाऊ घालत होत्या. मला आनंद झाला, हे तुला सांगायलाच हवं. छोटी आठवली ती घरी आल्यावर.

नवरात्रात माळा जास्त, म्हणून तू माझ्याबरोबर आलीस. ओट्यावर बायकांची रांग. पाटाची बाई म्हणून तुला कुणी कुंकू लावलं नाही, पण दर्शन लांबून घ्यायला कुणाची ना नव्हती. तू वाकून पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग माझ्याकडं पाहिलंस, आणि मी पाटीतल्या माळा मोजायला लागले.

परतताना गोदेच्या पुलापर्यंत तू माझ्यापुढं चालत राहिलीस. पुलावर म्हणालीस, “उद्यापासून त्या घरची पुडी तूच बांधायची. आन् चांगली बांधायची.”

तुझ्या तोंडून मला मिळालेला रागाचा शब्द तो एवढाच. आबा आल्यावर तू सांगशील म्हणून मी चुलीशी अंग चोरून बसले. तू त्यांना आमटी वाढलीस. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. सांगितलं असतंस तर छोटी परत आली असती, आणि आबांनी मला सोलून काढलं असतं. तुला माझी दया आली असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले; त्यात मला बरं वाटायचं. आता तुझ्या तेव्हाच्या वयाहून मी पुष्कळ मोठी झाले आणि मला वेगळंच दिसतं. तू वाट बघत होतीस. ही पोर आपण होऊन सांगेल, याची. तू माझी वेणी घालताना मध्येच थांबायचीस, हात तसाच केसांत ठेवून. मी म्हणायचे, “घाल ना लवकर.”

वर्षातून एकदा तू नांदगावला जायचीस. येताना बाजारातून काचेच्या बांगड्या आणायचीस. माझ्या मापाच्या. चार वर्षं हे चाललं, मग विषमज्वर आला आणि तू नवव्या दिवशी गेलीस. छोटीला कळवेपर्यंत सगळं उरकलं होतं.

महिन्यापूर्वी तिचं कार्ड आलं. मुलीकडून लिहून घेतलेलं. “ताई, तुमचं पेपरातलं पोरगी वाचून दाखविते. लय हसू येतं. एक इचारायचं राहिलं. काकू म्हनायची, तू कायतरी हरवलं म्हनून तुला काढलं. मी काय हरवलं व्हतं, तुम्हाला आठवतं का? मला वाटायचं घावलं तर परत नेतील. मी इथं घरात, परसात सगळीकडं हुडकायचे. पन काय हुडकायचं तेच ठावं नव्हतं.”

नांदगाव काही विलायतेत नाही. सकाळी गाडीत बसलं तर जेवायच्या वेळेला तिच्या दारात असेन. मी उत्तराची तीन कार्डं फाडली. चौथ्यावर लिहिलं, “मीही लहानच होते गं. काही आठवत नाही. सवडीनं नाशिकला ये.”

तुला लिहिलेलं हे कुठं टाकायचा प्रश्नच नाही. ते कार्ड मात्र मी परवा स्वतः जाऊन पेटीत टाकलं.