आईच्या गोळ्या आणि माझे तीन प्रश्न

चिमकेंत

तीर्थस्वरूप तुर्सिनबेकदादास,

कार्लिगाशचा सलाम. तू, वहिनी, मुलं, गुरंढोरं सगळे खुशाल ना? (अल्माटीत चौथ्या मजल्यावर गुरं कुठली, हे मलाही कळतं. पण विचारलं नाही तर बाल्झियामामी म्हणते, पोरगी शिकली आणि रीत विसरली.)

शिकण्याचंच सांगायचंय. हिवाळ्यात आमच्या वाचनालयात 'ऐकलेलं तपासून घ्या' असा एक वर्ग निघाला. तिथल्या बाईंनी तीन प्रश्न शिकवले: हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं आणि त्यात त्याचा काय फायदा. मी हुरळून गेले. दुकानात, बसमध्ये, लग्नघरात विचारत सुटले. (लग्नाची बोलावणी तेव्हापासून कमी झाली. आहेराचा खर्च वाचला, एवढंच.)

त्याच सुमारास आईच्या फोनवर ओरिनबाय नावाचा हकीम उगवला. पांढरी दाढी, मागे डोंगर, हातात हिरव्या रसाची बाटली. रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे विष, म्हणे. आईने, म्हणजे तुझ्या मावशीने, गोळ्या उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. रविवारी सगळे जेवायला जमले असताना मी माझे तीन प्रश्न काढले. हकीम कुठे शिकला? बाटल्या कोण विकतं? मामीने बेशबारमाकची, मटण-शेवयांची परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि म्हणाली, "आणि गोळ्या लिहून देणारा तुझा डॉक्टर? तो काय फुकट बसतो? त्याला कसं कळलं? तू बघायला गेली होतीस?" सगळे हसले. आई सगळ्यांत जास्त हसली. प्रश्न तर माझेच होते.

वसंतात शेजारच्या बाळाच्या बारशाला आई चहा ओतता ओतता खाली कोसळली. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटेना. दादा, मला तेव्हा वाटलं, माझंच खरं निघालं. आणि या वाटण्याची मला किळस आली.

आता ती बोलते. थोडं अडखळत, पण बोलते. घरी आल्यावर पहिलं पूर्ण वाक्य काय बोलली, सांगू? "रस पीत होते म्हणून वाचले." मामीने मान डोलावली. गोळी हातावर ठेवली की आई आता मलाच विचारते, हे कोण सांगतंय, त्याचा काय फायदा. म्हणजे माझी शिकवणी वाया गेली नाही. हकीमाला मात्र ती काहीच विचारत नाही.

वहिनीला सलाम, मुलांना पापे.

तुझी,
कार्लिगाश

ता. क. : खरं काम हे आहे. तू नाटकात बादशहापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढतोस. एखाद्या म्हाताऱ्या, परदेशी प्राध्यापकाच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून पाठव. म्हण, हा रस गोळीबरोबर घेतला तरच लागू पडतो. थोडा खोक. मी तो कुणाच्या तरी फोनवरून तिच्यापर्यंत फिरवीन.

ता. क. दुसरा : ती आवाज ओळखील अशी भीती बाळगू नकोस, तिला तसा संशयही यायचा नाही. परवाच मला म्हणाली, "आपल्या माणसांचं ऐकू नये गं, ती काळजीपोटी खोटं बोलतात. परका कशाला बोलेल?"