पाळीच्या भाकरी

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि आज बोलायला दुसरं कुणी सापडत नाही. तुमच्यासारखीच मीही सरपंच झाले आहे. नदीकाठची वस्ती पुरात गेली, तिथली कुटुंबं आपल्या शाळेत आहेत. आपलं गाव आणि शेजारची दोन गावं, तिघांनी पाळीनं भाकरी द्यायच्या असं ठरलं होतं. आता त्या दोघांनी हात वर केलेत, आणि आपली माणसं मला गाठून विचारतात, "आमीच कावून सांभाळायचं?" टीव्हीवर देशच्या देश निर्वासितांवरून एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा मी चॅनेल बदलते. जीव थाऱ्यावर नाही.

धरणात गाव गेलेली माणसं आपल्याकडे आली होती ना, ते दिवस आठवतात. आई चुलीपुढे पाळीच्या भाकरी थापते आहे. आठ-नऊ वर्षांची मी टोपली भरते आहे. करपलेल्या त्यांना, चांगल्या आपल्याला. तुम्ही दारातून पाहता, टोपली आमच्या ताटांपाशी रिकामी करता, चांगल्या भाकरी फडक्यात बांधता. "पोरी, आपन टाकलेलं खायला न्हाई आले ते," एवढंच बोलून स्वतः देऊन येता. तुमचा फार राग आला होता मला. करपलेली भाकरी मी रडत खाल्ली.

काल तिन्ही गावांच्या बैठकीत मी म्हटलं, कुटुंबंच वाटून घेऊ, ज्यानं त्यानं आपापली सांभाळावी. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात शाळेतली एक म्हातारी उठली. "बाई, भाकरी वाटा. आमाला नका वाटू." मला वर बघवेना. उद्या ठरवू म्हणाले आणि बैठक मोडली.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहिते. पाळी पहिल्यांदा चुकवली ती आपल्याच गावानं. घरोघर निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी सिरसाळ्याला लग्नाला गेले आणि विसरले. शाळेतली माणसं दिवसभर मुरमुऱ्यांवर राहिली. काल शेजारच्यांनी हेच काढलं, तर मी सरळ सांगितलं, "त्या दिवशी शाळेतल्यांनीच भाकरी नको म्हटलं होतं." ती म्हातारी समोरच बसली होती, अण्णा. तिनं मला खोटं पाडलं नाही.