त्रासाचा रकाना

४ जानेवारी, सकाळ
काल डॉक्टरांनी सांगितलं. हिच्या स्तनाचा कॅन्सर आता यकृतावरही आहे, दुसरं औषधही लागू पडत नाहीये. एखादी ट्रायल मिळते का बघू, म्हणाले. म्हणजे नवीन औषध, आधी थोड्या पेशंटना देऊन बघतात. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. एकतीस वर्षं आस्थापना विभागात काढली, कागद कसा हलवायचा ते मला कुणी शिकवू नये. नवी फाइल आणली. पाच रंगांची लेबलं. आठ दिवसांत ट्रायल. शिवाय आजपासून साखर बंद आणि रोज तीन किलोमीटर चालणं. हिला धीर द्यायचा तर मी फिट दिसायला हवा.

७ जानेवारी
इंटरनेटवर यादी असते. चारशे बारा ट्रायल सापडल्या! लोक उगाच रडत बसतात. पात्रतेच्या अटी लांबलचक, पण पहिली अट सगळीकडे एकच: वय अठरा पूर्ण. ही एकसष्टची. लाल पेनाने टिक. बाकीच्या अटी फुरसतीने बघू.
चालणं: गुडघा दुखतोय.

१५ जानेवारी
एकोणीस अर्ज पाठवले, सहा उत्तरं आली. एक ट्रायल सहा वर्षांपूर्वीच संपलेली. तीन ऑपरेशनच्या आधीच्या पेशंटसाठी. एक विमानाने चौदा तासांवर. एकाने विचारलंय, पेशंटची प्रोस्टेटची तपासणी झाली आहे का. खवचट लोक.
हिला सांगितलं, सहा जणांनी रस दाखवला आहे.

२१ जानेवारी
मेहुणी आली. हिची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे जिथे तिथे चुका काढते. माझी फाइल उघडूनही पाहिली नाही. हिला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि सरळ विचारलं, तुमच्याकडेच एखादी ट्रायल चालू आहे का? होती. त्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर.
अर्थात पूर्वतयारी माझी. मी विषय तापता ठेवला नसता तर तिला सुचलंच नसतं.

२९ जानेवारी
संमतीपत्र. बावीस पानं. ट्रायलच्या समन्वयक बाई, चष्मा कपाळावर, हिला एकेक पान समजावत होत्या. मी म्हटलं, द्या इकडे, सही करतो. म्हणे सही पेशंटचीच लागते. बरं. काही शंका आहेत का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तरी हिने तीन काढल्याच. घरी आल्यावर समजावलं, असे प्रश्न विचारत बसलीस तर दुसऱ्या कुणाला घेतील.

१० फेब्रुवारी
रक्त, स्कॅन, हृदय, सगळ्यात पास. नवी गोळी कुणाला आणि नेहमीचं औषध कुणाला, हे कॉम्प्युटर ठरवतो. मी आधीच समन्वयक बाईंना बाजूला घेऊन म्हटलं होतं, आपल्या माणसाकडे जरा लक्ष असू द्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं होतं. आणि नवी गोळी मिळाली! माणसांशी बोलता यावं लागतं.
सोबत एक वही दिली. रोजचे रकाने: तारीख, गोळी किती वाजता, ताप, त्रास. बारीकसारीकसुद्धा लिहा, खोकला आणि धाप तर नक्कीच, असं बाईंनी हिला दोनदा बजावलं. पण हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वही मी घेतली. खाकी कव्हर घातलं. पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत कुठलासा चोवीस तासांचा फोन नंबर होता, फार बटबटीत दिसत होता.

१० मार्च
पहिली वही जमा, दुसरी मिळाली. अठ्ठावीस पानं, अठ्ठावीस वेळा ‘त्रास नाही’. एक खाडाखोड नाही. मध्ये हिचं तोंड आलं होतं, पण ते काय कुणाचंही येतं. वेटिंग रूममध्ये कळलं, एका बाईने वहीत उलट्या लिहिल्या आणि तिची गोळी थांबवली. म्हणजे नियम स्पष्ट आहे. कुरकुर करणारा बाहेर.
नव्या वहीला खाकी कव्हर. साखर परवापासून पक्की बंद.

२१ मार्च
ही खोकते आहे. कोरडा खोकला. वहीत लिहा म्हणाली. मी म्हटलं, पंख्याचा वारा लागलाय. लिहिलं नाही. कुणाच्या भल्यासाठी? हिच्याच. पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या, हॉस्पिटलात जाताना तोंडात धरायला.

२४ मार्च, दुपार
सवड होती. सहा एप्रिलपर्यंतची सगळी पानं लिहून टाकली. ऑफिसात अख्ख्या विभागाचं मस्टर मी असंच महिनाअखेरपर्यंत भरून ठेवायचो, कधी बोट ठेवायला जागा मिळाली नाही कुणाला. तीन वेगवेगळी पेनं वापरली. खरं वाटावं म्हणून अधूनमधून ‘भूक चांगली’ असंही घातलं.

२८ मार्च
ही बाजारातून येताना दोनदा जिन्यात बसली. धाप लागते म्हणे. मी म्हटलं, धाप मलाही लागते, मी सांगत सुटतो का? आठ दिवस कळ काढ, स्कॅन होऊ दे. तर म्हणाली, वही द्या, मी लिहिते. कपाटाची किल्ली सापडत नाही असं सांगितलं. किल्ली खिशात होती. चिडली की हिला धाप जास्त लागते, म्हणून.

३० मार्च
चालणं पुन्हा सुरू केलं. परत येतो तर घराला कुलूप. मेहुणीचा फोन, हिला हॉस्पिटलात नेलंय. वही घेऊन धावलो. हिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. समन्वयक बाईंनी वही मागितली, मी ऐटीत दिली. त्यांनी आजचं पान काढलं. त्रास नाही, भूक चांगली. मग उद्याचं पान. मग परवाचं. मग खाकी कव्हर सोडवून लाल नंबरकडे बघत राहिल्या. कव्हराची घडी घालून माझ्या हातात दिली.

२ एप्रिल
डॉक्टरांनी मला आणि मेहुणीला हिच्या खाटेपाशीच बोलावलं. गोळीमुळे फुफ्फुसांना सूज आली आहे. खोकला सुरू झाला तेव्हाच कळलं असतं तर गोळी थोडे दिवस थांबवून, सूज उतरवून पुन्हा सुरू करता आली असती. आता ती गोळी कधीच देता येणार नाही. ही ट्रायलमधून बाहेर.
मग स्कॅन दाखवला. यकृतावरच्या गाठी निम्म्यावर आल्या होत्या.
मी म्हटलं, म्हणजे औषध लागू पडलं होतं! डॉक्टर हो म्हणाले. मेहुणी उठून बाहेर गेली. हिने मास्क बाजूला केला आणि म्हणाली, “मला काय होतंय, ते एकदा मला विचारायचं तरी.”

३ एप्रिल
हॉस्पिटलला निषेधाचं पत्र लिहिणार. पुढच्या तारखा आधीच छापून दिल्या तर कुणीही भरणारच. मसुदा तयार. भाषा कडक पण सभ्य.

९ एप्रिल
डिस्चार्ज. ही मेहुणीकडे गेली. खाली उतरेपर्यंत बॅग माझ्या हातात होती, टॅक्सीपाशी मेहुणीने तीही काढून घेतली. फॉर्मवर काळजी घेणाऱ्याचं नाव म्हणून तिने स्वतःचं घातलंय. तात्पुरतं असणार.
खचून चालणार नाही. उद्यापासून नव्याने शोध. चारशे अकरा ट्रायल उरल्या आहेत.

१२ एप्रिल
पात्रतेच्या अटी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. आज तीस ट्रायल झाल्या. त्यातल्या सव्वीस ठिकाणी एक ओळ आहे: पेशंटला पूर्वी औषधामुळे फुफ्फुसांची सूज आलेली नसावी.
पत्र पाठवलं नाही.
चहात तीन चमचे साखर.

२० एप्रिल, सकाळी दहा
हिला फोन केला. मेहुणीने उचलला, हिला दिला. विचारलं, कशी आहेस? हिने दम घेतला. म्हणाली, “त्रास नाही.” मग खोकत राहिली. मी थांबलो. म्हटलं, खरं सांग, मी लिहून घेतो, सगळं लिहून घेतो. पुन्हा दम घेतला.
“त्रास नाही. भूक चांगली.”
फोन ठेवला. फाइलीतल्या कोऱ्या कागदावर वर तारीख घालून तेवढंच लिहून ठेवलं.