वितळलेला कपलर

१ मार्च २०१६, मंगळवार
तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा चढाला गाडी बंद पडली. दोन्ही कॅन नासले. वस्तीवरच्या बारा जणींचं दूध! दुष्काळी छावणीतला वाळका चारा खाऊन म्हशी देतात तरी किती — तेवढं पण गटारात.
गाडी ढकलत दूध संस्थेत नेली. चेअरमन सुंदररावांनी झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला. "वत्सलाबाई, मोटारसायकल बायामाणसांचं काम न्हाई. तुमचा उत्तरेश्वर येईस्तोर दुधाची फेरी दुसऱ्याला देतो." चार माणसं हसली. मी कॅन उचलून गटाराकडं निघाले. का ऐकून घेतलं मी?

२ मार्च
धुळाजी मिस्त्रीनं परत प्लग बदलला. गेल्या वेळी कार्बोरेटर धुतला, त्याच्या आधी प्लगच. "वहिनी, तुमी क्लच दाबून चालवता." न्हाई चालवत! गाडी तापली की मरती, निवली की पहिल्या किकला सुरू होती. किती वेळा सांगितलं. तो ऐकतच न्हाई, माझ्या मागं कुणी माणूस आलाय का ते बघतो.

३ मार्च
ह्यांचा फोन. उत्तरेश्वरचा — नाव लिहिलं तर कोण बघतंय! दिवाळीपासून साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतायत. सगळं सांगितलं. "गाडीला हात लावू नको. मी आल्यावर बघतो."
आणि तोवर दूध काय डोक्यावर नेऊ?

५ मार्च, शनिवार
हात लावला!
सीट काढली. शेजारची भिवरामावशी भिंतीवरून बघत होती. "बया, करंट बसंल की गं." गाडी चांगली तापवली, मुद्दाम. बंद पडली. मग एकेक वायर हलवत किक मारत बसले. इंजिनातून वर येणाऱ्या वायरी जिथं जोडल्यात, तो पांढरा कपलर दाबून धरला की फुरफुरती, सोडला की गप्प.
ओढून उघडला. पांढरा कुठला, तपकिरी झालेला! एका बाजूनं वितळलेला, आतली एक पिन काळीठिक्कर. एवढंसं, अंगठ्याएवढं! आणि तीन वेळा दूध नासलं, तीन वेळा मी बोलणी खाल्ली. धुळाजीनं एकदा सीट उचलली असती तर दिसलं असतं.
राग मावत न्हाई.

६ मार्च
बसनं वडवणीला, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात. दुकानदार म्हणतो, "मिस्त्रीला पाठवा." म्हटलं, मिस्त्री मीच. जळका कपलर त्याच्या काचेवर आपटला. मग मुकाट्यानं नवा काढून दिला, पिनांसकट.

७ मार्च
एका वेळी एकच वायर तोडली, म्हणजे अदलाबदल नको. जळका तुकडा कापला, टोक सोललं, पिन पकडीनं आवळून नव्या कपलरात सारली. पहिली पिन ओढताच बाहेर आली! रडायचीच राहिले. मग दिसलं — पिनेला बारीक जीभ असती, ती दबली होती. सुईनं उचलली. खट! बसली. बाकीच्या पण बसवल्या.
भर उन्हात वस्ती ते फाटा चार चकरा मारल्या. एकदा सुद्धा बंद पडली न्हाई. भिवरामावशी म्हणाली, "आता उतर की खाली!" मी पाचवी चक्कर मारली.

९ मार्च, बुधवार
दूध ताजं, वेळेआधी पोचले. सुंदरराव म्हणतात, "तुमची फेरी बंद केलीय. घेता येणार न्हाई."
काय झालं मला कळलं न्हाई. दुधाचा टँकर निघत होता. संस्थेच्या फाटकातच गाडी आडवी लावली, चालूच ठेवली. "गाडी बंद पडती म्हणलात ना? पाडून दावा! दूध मापात घ्या, मगच हलते." सुंदरराव लालबुंद. "लई झालं हं बाई!" — "तुमचं झालं लई!"
शेवटी टँकरवालाच ओरडला, "घ्या की बे, माझं दूध तापायलंय!"
घेतलं. रजिस्टरात बाराही नावं माझ्यासमोर लिहायला लावली. रोज येणार, सांगून आले.

१२ मार्च
हे आले. सुंदररावांनी फोन केलता म्हणे. ह्यांनी गाडी कारखान्यावरच्या एकाला विकली, तो उद्या न्यायला येणार.
गाडीचे कागद माझ्या पेटीत हायेत, त्याबिगर गाडी दुसऱ्याच्या नावावर होत न्हाई. पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. ह्यांच्या डोळ्यांदेखत. येऊ दे त्याला.