पितळी पाटीवरचा पाच

१८ सप्टेंबर, गुरुवार. ॲडम्सटाउन
सकाळी ढग, मग ऊन, मग पाऊस, परत ऊन. निखिल आणि सूनबाई ऑफिसला. मी दहा ते दीड टॉमच्या शेडमध्ये. शेजारी टॉम वय एक्याऐंशी, त्याची एक सिलिंडरची गाडी त्याच्याहून चाळीस वर्षांनी थोरली. स्टिअरिंगला चाक नाही, नुसता दांडा. बनवणारी कंपनी इथलीच, मूळची सायकलवाली. हौसेने दहा-बारा मोटारी केल्या नि बुडाली. पार्ट मागायचे कुणाकडे? म्हणून मी! आज मागच्या ॲक्सलचं बुश बसवलं, आस ज्यात फिरतो ती धातूची नळी. हाताने घासून, माप बोटाला लागेपर्यंत. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, हात विसरलेला नाही. टॉम म्हणाला, "ग्रँड." एवढंच. चालेल.
सौ.ची तक्रार : मुलाकडे आलात की कामावर?

२३ सप्टेंबर
गाडी सुरू झाली!! हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जातं. हे टॉमने मला चारदा सांगितलं. चिंचवडच्या टूलरूममध्ये मी पोरांना असंच सांगायचो, तेव्हा ती का वैतागायची ते कळलं.
चहा घेताना त्याने मनातलं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची मोठी फेरी आहे. १९०४ संपेपर्यंत बनलेल्यांनाच प्रवेश. त्याचा बाप जन्मभर सांगायचा, आपली चारची आहे. बापाचं जाणं राहिलं. याचंही आजवर राहिलं, कारण गाडी चालतच नव्हती. ९ तारखेला क्लबच्या एक जाणकार बाई साल ठरवायला येणार. "यंदा नाही तर कधी, मिस्टर डी?"

१ ऑक्टोबर. खंडेनवमी
हत्यारांची पूजा टॉमच्या शेडमध्येच. त्याची परवानगी कालच घेतली होती. तो सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेला. पाने, कानशी, हातोड्या मांडून हळदकुंकू वाहिलं. गाडीलाही झेंडू.
सौ.ला गाडीवरची कंपनीची पाटी बघवेना. पितळ असून तव्यासारखी काळी. पूजेला असं पितळ? डबीतून चिंच आणली, मीठ लावलं, समई घासावी तशी घासली. मी कौतुकाने बघत उभा. शंभर वर्षांचा मळ निघाला. नाव आलं, खाली नंबर आला, नंबरापुढे साल.
१९०५.
चष्मा पुसून पाहिलं. पाचच.
टॉम यायच्या आत दोघं घरी पळून आलो. या वयात!

२ ऑक्टोबर. दसरा
सौ.ने श्रीखंड केलं. शेवटी वाटीभर घेऊन गेलो आणि पाटी दाखवली. टॉमने बराच वेळ पाहिलं. किटली लावली. श्रीखंड मात्र सगळं खाल्लं.

४ ऑक्टोबर
टॉमने विचारलंच. माझ्याकडे न बघता, कपाटातल्या आकडे ठोकायच्या पंचांच्या पेटीवर हात ठेवून. "याचा चार करता येईल ना तुला?"
येईल. पाच पितळेने भरायचा, कानस मारायची, वर चाराचा पंच ठोकायचा, थोडा काळा करायचा. अर्ध्या तासाचं काम. कुणाच्या बापाला कळणार नाही.
म्हणालो, "येईल. पण मी करणार नाही."
छत्तीस वर्षं मापं तपासायच्या गेजवर नंबर ठोकले. एक खोटा नाही. माझी शिल्लक म्हणाल तर ती तेवढीच.
सौ. चिडली. "पाटी घासून घोळ मी केला, आणि सोवळं तुम्ही पाळताय! म्हातारा खूश झाला असता."

७ ऑक्टोबर
तीन दिवस शेड बंद. दोनदा त्या बाजूने फिरून आलो, दूध संपलंय असं सांगून. दूध होतं.
उगाच हरिश्चंद्र झालो का? कुणाचं काय बिघडणार होतं? रात्री असं वाटतं, सकाळी परत हात तयार होत नाही. टॉमची फार आठवण येते. दोन घरं सोडून राहतो, तरी.

८ ऑक्टोबर
दुपारी बेल. टॉम, पिशवीभर सफरचंदं घेऊन. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. काम सौ.कडे होतं. पाटी कशाने घासली? पुन्हा काळपट दिसायला लागलीय. बाईंना उद्या वाचायला त्रास नको.
सौ.ने चिंचेचा गोळा दिला, किती मीठ ते चिमटीने दाखवलं. तो गेल्यावर मी आत जाऊन तोंड धुतलं. रडू आलं होतं, लपवायचं कशाला.

९ ऑक्टोबर
बाई आल्या. पन्नाशीच्या, बूट चिखलाचे, हातात बॅटरी. टॉमने त्यांना आधी पाटीपाशीच नेलं. त्यांनी फोटो काढले, मग गाडीखाली आडव्या झाल्या. म्हणाल्या, पाटीवरचं साल विकल्याचंही असू शकतं. इंजिनाचा नंबर आधीचा वाटतो. जुनी नोंदवही बघावी लागेल. आशा लावत नाही, तोडतही नाही. पत्राने कळवीन.
मधेच बॅटरी बुशवर थांबली. "हे कुणी केलं?" टॉमने माझ्याकडे बोट केलं. बाई चांगल्या मिनिटभर बघत होत्या. मी उगाच हात पुसत राहिलो.
संध्याकाळी सौ.ने त्याला जेवायला बोलावलं. वरणभात दोनदा घेतला. पंचांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सोमवारी आमचं विमान. बॅगा अर्ध्या भरल्यात.
दुपारी टॉम क्लबच्या बाईंचं पाकीट घेऊन आला. बंद. सौ.ने उजेडात धरून पाहिलं, काही दिसलं नाही. "फोडा ना!" तो म्हणाला, आधी वळणापर्यंत चक्कर मारून येऊ. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात.
मी हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला पेटली. त्याच्याशेजारी बसलो, टोपी हाताने धरून. कोरडी हवा, डाव्या हाताला कापलेली शेतं. मागच्या गाड्या हॉर्न न वाजवता येत होत्या, एक पोरगी तर खिडकीतून हात हलवत गेली.
वळण आलं. टॉम वळलाच नाही. सरळ निघाला, पुढच्या गावाच्या रस्त्याला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो रस्त्याकडे बघत होता, खुशीत. ॲक्सलचा आवाज ऐकला. बुश छान बसलंय.
परत आलो तेव्हा पावणेपाच. चहा झाला, सौ.ने चकली दिली, तो घरी गेला. पाकीट तसंच बंद, त्याच्याच खिशात. उद्या विचारीन. कदाचित नाही विचारणार.