भोरच्या कोर्टातली माझी साक्ष

३ मे १९३७, पासली. सकाळ.
माझ्या नावाने वॉरंट! सोनबाने सांगितले. तो आमचा पोलीस पाटील आणि माझा चुलतभाऊ. भोरच्या कोर्टात माझ्या नावाचा तीनदा पुकारा झाला, कोणी ओ दिली नाही, मॅजिस्ट्रेटसाहेब चिडले.
मी जाणारच होतो. ऐन निघताना पोटात कळ आली, त्याला माझा काय इलाज? रतन म्हणते, कळ भाकरी बघून ग्येली. बायकोला कायदा कळत नाही.
उद्या पहाटे निघायचे, हजर व्हायचे, वॉरंट रद्द करून घ्यायचे. सिम्पल मॅटर.

४ मे.
गेलो नाही. साक्षीला तयारी लागते.
मुद्दा एवढाच आहे. होळीनंतर एका दुपारी गावावरचे राखीव जंगल जळले. नवे गवत फुटावे म्हणून धनगराने पेटवले, असे जंगल खात्याचे म्हणणे. पकडला वरच्या धनगरवाड्यावरचा ज्ञानू. पण त्या दुपारी ज्ञानू माझ्या खाचरात होता. भाताच्या रोपांसाठी आम्ही राब भाजतो, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन पेटवतो, त्यासाठी तो मला फांद्या तोडून देत होता. हे पाहणारा मी एकटाच. म्हणजे साक्ष एका वाक्याची. साहेब, ज्ञानू माझ्यापाशी होता.
गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून दहादा म्हणून पाहिले. आवाज चांगला लागतो.

४ मे, संध्याकाळ.
साहेब उलट विचारतील, त्या दुपारी तुम्ही जाळ केला होता, तो कुठवर गेला? हा प्रश्न निघण्याचे काही कारण नाही. वारा नव्हता. होता तो थोडा आणि दुसऱ्या दिशेने.

६ मे.
ज्ञानूची बायको बनाबाई ताक घेऊन आली. ज्ञानू भोरच्या कच्च्या कैदेत. वाड्यावर गडीमाणूस नाही, बिबट्याने दोन वासरे नेली. म्हणाली, दादा, तुमी निस्तं सांगा, त्यो हितं व्हता. येवढंच.
म्हटले, तू काळजी सोड.
जाताना ती खाचराशी थांबली. बांधापलीकडे रानापर्यंत काळा पट्टा गेला आहे, त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, काळी जमीन भाताला चांगली. ती म्हणाली, व्हय दादा.
ताक म्हशीपुढे ओतले. आंबट होते.

८ मे.
सोनबाकडे गेलो. म्हणाला, मानसिंगा, येड्या, वारंट माज्याच खिशात हाय. चल, तुला धरल्यावानी करतो. कोर्टाम्होरं हुबा ऱ्हायलास की मिटलं.
मी विचारले, वेल्ह्याच्या बाजारातून अटकेत जायचे? व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या माणसाने?
तर म्हणतो, तू म्होरं चाल, मी मागनं येतो. लोकांस्नी वाटंल, तूच मला धरलायस.
अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागितली. तो हसायचा थांबला. म्हणाला, तुला मुदत देईन रं. ज्ञानूला कोन दील?
सोनबाला नाटकी बोलायची सवयच आहे.

१० मे.
अमावास्या. आज कोण घराबाहेर पडतो?

१३ मे.
अक्षय्य तृतीया. नवा फेटा बांधून एकटाच निघालो. रतनने ओवाळले नाही. म्हणाली, परत आल्यावर बघू.
वेल्ह्यात चहाच्या दुकानी कळले की जंगल खात्याचा माणूस रानाला लागून असलेली खाचरे कोणाची, ते विचारत फिरतोय. चहा अर्धा टाकला.
सातारा रस्त्याला लागलो. उजवीकडे कापूरहोळ, तिथून भोर. डावीकडे शिवापूर, माझ्या बहिणीचे, सखूताईचे घर, आणि तो मुलूख खालशातला, इंग्रजांचा. भोर संस्थानचे वॉरंट इंग्रजी हद्दीत चालत नाही, हा लॉ पॉइंट. डावीकडे जाणारी मोटर आधी आली. दैवाचीच इच्छा.
हे पळणे नव्हे. दाजींचा सल्ला घ्यायला आलो आहे.

१६ मे, शिवापूर.
दाजींनी सगळे ऐकले आणि सल्ला न देता उठून गेले. ताई रोज विचारते, मानसिंगा, भोरला कवा जायाचं?
झोप नाही. खोलीत जळक्या गवताचा वास येतो. ताईला विचारले, कुठे काही पेटले आहे का? ती म्हणाली, न्हाई. हितं न्हाई.

२० मे.
सोनबाचा निरोप आला. वॉरंट तसेच आहे, यायचे तर लवकर ये.
ठरले. उद्या निघायचे. यावेळी सगळे सांगणार. कोणी विचारले तर वाऱ्याचेसुद्धा. असा निश्चय झाल्यावर केवढे हलके वाटते! ताईकडून पुरणपोळी करवून घेतली.

२२ मे, भोर. दुपार.
काल पुरणपोळीने अंग जड होते, म्हणून आज निघालो. कोर्टात कारकुनापुढे ताठ उभा राहिलो. म्हणालो, मी मानसिंग, माझ्यावर वॉरंट आहे, मी आपण होऊन आलो आहे.
त्याने कागद चाळले. म्हणाला, वॉरंट काल रद्द झालं. जा घरी.
इतके सोपे! उगाच घाबरलो. सहज विचारले, कसे काय?
वर न बघता म्हणाला, साक्षीदार येत नाही म्हटल्यावर आरोपीनं गुन्हा कबूल केला. म्हणाला, सरकार, मागं माजी जनावरं मरत्यात, काय ती सजा द्या अन् मोकळं करा. सहा महिने सक्तमजुरी. आता तुमची गरज नाही.
मी म्हणालो, मला थोडे बोलायचे होते. तो म्हणाला, बोला. त्याने खरेच टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.
मी म्हणालो, ऊन फार आहे यंदा.

बाहेर आलो. आवारातल्या चिंचेखाली बनाबाई. आत्ताच पायी येऊन पोचली होती, फडक्यात भाकरी. मला बघून उठलीच. म्हणाली, आलात व्हय दादा! मी म्हनतच व्हते समद्यांस्नी, दादा येनार. आता सुटंल त्यो.
मी म्हणालो, साहेब जेवायला गेलेत. जरा थांबावे लागेल.
तिने पदराने जागा झाडली आणि सावलीतली बाजू मला दिली.